दादा खेळायचा, मी वाचायचे : फायनल फँटसी ७, मूळ आणि नवा

(धागाकर्तीचं लेखन)

रहस्यभेदाची सूचना आधीच देते. १९९७ चा मूळ गेम, २०२० चा रिमेक आणि त्याचा पुढचा भाग, २०२४ चा रीबर्थ, तिन्हींच्या कथेबद्दल इथे उघड लिहिलं आहे. खेळायचं राहिलं असेल तर आधी गेम संपवून या, धागा कुठे जात नाही.

लहानपणी आमच्याकडे कंट्रोलर एकच होता आणि तो दादाच्या हातात असायचा. माझ्याकडे वाचायचं काम होतं. मूळ फायनल फँटसी ७ मध्ये कुणालाच आवाज नाही. निळ्या चौकटीत पांढरी अक्षरं उमटतात आणि बटण दाबेपर्यंत थांबून राहतात. दादाला लढाईत रस, मला माणसांत, त्यामुळे वाटणी आपोआप झाली. तो चालवणार, मी मोठ्यानं वाचणार. बॅरेट आला की घसा खरवडून वाचायचे, टीफाचं हळू आवाजात, रेड थर्टीन या बोलणाऱ्या प्राण्याचं जमेल तितकं खर्जात. निम्मे इंग्रजी शब्द अडायचे. मी थांबले की दादा म्हणायचा, "वाच गं पुढे, पुढचं वाचलं की मागचं कळतं." आणि खरंच कळायचं.

त्या गेममध्ये नवं पात्र सोबत आलं की त्याचं नाव बदलता यायचं. नायक क्लाउड छत फोडून चर्चमधल्या फुलांवर पडतो आणि फुलं विकणारी मुलगी, ॲरिथ, त्याला दुसऱ्यांदा भेटते, तिथे तिच्या नावाची चौकट येते. दादानं एकेक अक्षर शोधून तिथे माझं घरचं नाव घातलं. मला इतका आनंद झाला होता की त्या दिवशी मी तिचा प्रत्येक संवाद दोनदा वाचला.

पुढे काय होतं ते इथल्या बहुतेकांना माहीत आहे. पहिल्या डिस्कच्या शेवटी ती पाण्यातल्या चौथऱ्यावर गुडघे टेकून प्रार्थना करत असते. डोळे उघडते, क्लाउडकडे बघून हसते आणि वरून खलनायक सेफिरॉथ तलवारीसकट खाली येतो. तिच्या केसांतला पांढरा मटेरिया, म्हणजे जादूचा गोळा, निसटतो. एका पायरीवर आपटतो, दुसरीवर आपटतो, प्रत्येक वेळी बारीक टण्ण असा आवाज, आणि शेवटी पाण्यात. ते दृश्य संपल्यावर क्लाउडचं बोलणं येतं. बोटं झिणझिणतायत, तोंड कोरडं पडलंय, डोळे जळतायत, अशा अर्थाचं. ते मला वाचायचं होतं, कारण ते माझं काम होतं, आणि चौकटीत माझंच नाव होतं. मला वाचता येईना. दादानंही बटण दाबलं नाही. चौकट तशीच पडद्यावर राहिली. किती वेळ ते आठवत नाही.

रिमेक आला तेव्हा मी घेतला नाही, धीरच झाला नाही. या वर्षी अखेर घेतला, रीबर्थही घेतला, आणि दोन्ही संपवले. पहिल्यांदाच कंट्रोलर माझ्या हातात होता.

जे आवडलं ते मनापासून सांगते. जेसी! मूळ गेममध्ये रिॲक्टर उडवणाऱ्या गटातल्या जेसी, बिग्स आणि वेज यांची ओळख होते न होते तोच मिडगार शहराचा वरचा भाग तोलणारा सेक्टर ७ चा खांब कोसळतो. लहानपणी मला त्यांचं वाईट वाटलं होतं, पण ते शेजारच्या गल्लीतल्या कुणाबद्दल वाटावं तसं. रिमेकमध्ये चौथ्या प्रकरणात आपण जेसीच्या घरी जातो. आई जेवायला वाढत असते आणि आतल्या खोलीत मॅकोच्या, म्हणजे रिॲक्टर जमिनीतून ओढतात त्या ऊर्जेच्या, विषबाधेनं अंथरुणाला खिळलेले वडील. त्यांचं ओळखपत्र चोरायला क्लाउड त्या खोलीत शिरतो. मी त्या खोलीत बराच वेळ नुसती उभी राहिले. ही बाई रिॲक्टर का उडवते ते तेवीस वर्षांनी त्या एका पलंगानं सांगितलं. पुढे खांबावर ती क्लाउडच्या हातात असते तेव्हा ती माझी कोणीतरी झालेली होती.

आणि जे नाही मिळालं ते हे. आता सगळे बोलतात, उत्तम बोलतात. नाव बदलता येत नाही, कारण ते नाव आता कुणीतरी तोंडानं उच्चारतं. त्यात चूक काहीच नाही. पण मी सोफ्यावर बसले होते, पात्रं बोलत होती, आणि माझ्या तोंडाला काही काम नव्हतं. ॲरिथ रीबर्थमध्ये गेली तेव्हा मी रडले. पण ती ॲरिथ होती. माझ्या नावाची मुलगी नव्हती.

आणखी एक. माझ्या आठवणीत त्या दृश्यात पाऊस पडत होता. रीबर्थमध्ये पाऊस नाही बघून मला वाईट वाटलं, की एवढी गोष्ट यांनी का बदलली.

इतरांचे अनुभव वाचायला आवडतील. विशेषतः ज्यांनी आधी जुना खेळला आहे त्यांचे.

प्रतिसाद १

पहिली डिस्क संपल्यावर मी दोन आठवडे गेमला हात लावला नव्हता. लेख वाचून ते दोन आठवडे परत आठवले.

पाऊस मूळ गेममध्येही नाही हो. मी मागच्याच वर्षी पुन्हा खेळलोय. वरून प्रकाश येतो, खाली पाणी आहे, पाऊस नाही.

प्रतिसाद २

माझी बाजू जरा वेगळी आहे. मी रिमेकच आधी खेळले, जुना नंतर. मला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. ॲरिथचं काय होणार हे ठाऊक नसलेली बहुधा मी एकटीच असेन.

जुना सुरू केला तेव्हा पहिला तासभर फार जड गेला. बोटं नसलेले हात, ठोकळ्यासारखी शरीरं, चेहऱ्याच्या जागी दोन डोळे. पण कधीतरी मी स्वतःच ते चेहरे भरायला लागले. बाहुली मान खाली घालते, एवढंच दिसतं, आणि तिला लाज वाटली की राग आला हे मी ठरवते. नव्यात मला हे करावं लागलं नव्हतं, कारण भुवईची हालचालसुद्धा दिसते.

तरी एक म्हणेन. नव्या गेममधल्या ॲरिथसाठी मी जे रडले तेही खरंच होतं. तिला माझं नाव नव्हतं, पण तिचा आवाज होता, आणि तो आवाज कित्येक तास माझ्या खोलीत होता. रीबर्थच्या शेवटानंतर मला ती गुणगुणते ते सूर ऐकवेनात.

प्रतिसाद ३

लढाईबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

पहिला मोठा शत्रू आठवा, रिॲक्टरमधला विंचू. क्लाउड सांगतो की शेपटी वर असताना हल्ला करा. मग चौकट बदलते आणि दुसऱ्या वाक्यात येतं की तो लेझरनं उलटा वार करेल. इंग्रजी भाषांतरात दोन वाक्यांचा संबंधच तुटला होता. आम्ही इमानदारीत शेपटी वर असताना हल्ला केला आणि भाजून निघालो! रिमेकमध्ये तोच विंचू आहे, पण शेपटीचा लेझर यायच्या आधी पडलेल्या ढिगाऱ्याआड लपायचं असतं. कुणी समजावून सांगावं लागत नाही, डोळ्यांना दिसतं.

लढाईची जुनी एटीबी (ॲक्टिव्ह टाइम बॅटल) पद्धत फायनल फँटसी ४ पासूनची, १९९१ ची. पट्टी भरेपर्यंत थांबायचं, भरली की हुकूम द्यायचा. नव्यात पट्टी आहेच, पण ती भरायला अंगानं लढावं लागतं, आणि हुकूम देताना काळ मंदावतो. मला वाटतं जुन्याचा विचार करण्याचा भाग यांनी नेमका उचललाय. मटेरियाची जोडणीही तशीच ठेवली, हिरवा मंत्राचा, निळा आधाराचा, दोघांना जोडणारं छिद्र. ते जपलं याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

धागाकर्ती, तुमच्या दादांना लढाई आवडायची म्हणालात. त्यांनी नवा खेळला का?

धागाकर्ती

नाही. त्याला खेळायला सवड नाही असं म्हणतो. मी सांगितलं की मी संपवला, तर म्हणाला, "एकटीनं?" बस, एवढंच.

प्रतिसाद १, पावसाचं वाचून मी आज जुना गेम काढून ते दृश्य पाहिलं. खरंच पाऊस नाही. थेंबसुद्धा नाही. इतकी वर्षं मी लोकांना तो पाऊस सांगत आले.

प्रतिसाद ४

अहो, हा गेमच त्यावर आहे! क्लाउड अर्धी कथा स्वतःची म्हणून जे सांगतो ते झॅक या त्याच्या मित्राचं असतं. काम (Kalm) नावाच्या गावातल्या सराईत बसून तो निबेलहाइमची, आपल्या गावाची, आठवण सांगतो, आपण ती त्याच्याबरोबर खेळून बघतो, त्यामुळे आपल्याला वाटतं हे घडलंच. टीफा तिथे बसून ऐकत असते आणि गप्प राहते. ती का गप्प आहे हे दुसऱ्या डिस्कवर लाइफस्ट्रीममध्ये, ग्रहाच्या जीवनप्रवाहात, कळतं. तुमचा पाऊस त्याच जातीचा आहे. तो चुकीचा आहे म्हणून टाकून देऊ नका.

आता माझी तक्रार. जुन्यात मिडगार सोडेपर्यंत सेफिरॉथ समोर येतच नाही. शिन्रा कंपनीच्या ७० मजली इमारतीत कोठडीत जाग येते, दार उघडं, पहारेकरी मेलेला, आणि फरशीवर रक्ताचा ओरखडा पुढे पुढे गेलेला. त्या रक्तामागे आपण चालत वर जातो. वर अध्यक्ष टेबलावर पालथा, पाठीत लांबलचक तलवार. माणूस कुठेच नाही. मग मिडगारबाहेर दलदलीत तो अजस्र साप, ज्याच्यापासून आपण चोकोबोवर, त्या मोठ्या पक्ष्यावर, बसून पळालो, तोच पलीकडे एका सुळक्यासारख्या झाडात आरपार खुपसलेला दिसतो. हे कुणी केलं असेल, या विचारानं मला झोप लागली नव्हती. रिमेकमध्ये दुसऱ्याच प्रकरणात साहेब जळत्या गल्लीत येऊन बोलायला लागतात. ज्याला तुम्ही घाबरायला हवं तो आधीच भेटला तर घाबरायचं कुणाला?

प्रतिसाद ५

प्रतिसाद ४ शी अर्धा सहमत. सेफिरॉथला लपवणं १९९७ ला शक्य होतं. आज तो कोण हे गेम न खेळलेल्यालाही माहीत आहे. कितासे, नोमुरा, नोजिमा ही तीच माणसं परत आली आहेत. कितासे तेव्हा दिग्दर्शक होते, रिमेकचे निर्माते झाले. नोमुरांनी तेव्हा पात्रं रेखाटली, रिमेक दिग्दर्शित केला. नोजिमा दोन्ही वेळी लेखनात. आपण काय जाणतो हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, आणि ते आपल्या जाणण्याशीच खेळतात.

म्हणून मला ते करडे, टोपडं ओढलेले व्हिस्पर्स आवडले. कथा जुन्या वाटेवरून जरा हलली की ते घोंघावत येतात आणि तिला परत ढकलतात. बऱ्याच जणांना ते नको झाले. मला ते आपणच आहोत असं वाटलं. "असं नव्हतं, पूर्वी असं होतं" म्हणणारे आपण.

प्रतिसाद ६

व्हिस्पर्सबद्दल छान लिहिलंत, पण रीबर्थच्या शेवटी त्याचाच त्रास झाला. क्लाउड तलवार अडवतो, मग अडवली नाही असंही दिसतं, रक्त आहे, नाही, परत आहे. ती गेली की नाही हेच मी डोक्यात जुळवत बसलो आणि रडायचा क्षण निसटला. जुन्यात तो क्षण सरळ होता. कितासेंनी मुलाखतींत सांगितलंय की सिनेमात मोठं बलिदान असतं तसं त्यांना नको होतं, माणूस अचानक जातो आणि मागे पोकळी राहते तसं हवं होतं. ते त्यांना साधलं होतं. बोटं नसलेल्या बाहुल्यांकडून.

आणि संगीत! लगेच पुढे जेनोव्हा या राक्षसी जीवाशी लढाई होते, पण लढाईचं संगीत लागत नाही. तिचीच धून चालू राहते. मी बटणं दाबत होतो, आकडे उडत होते, आणि वाजत होतं ते तिचं. संगीतकार उएमात्सूंनी प्लेस्टेशनच्या त्या छोट्याशा ध्वनिचिपमधून हे काढलं होतं. वाद्यवृंदात ती धून नंतर कितीदा ऐकली, सुंदरच आहे, पण माझ्या कानात अजून ती चिपमधलीच.

प्रतिसाद ७

वाट बघण्याबद्दलही कुणीतरी लिहायला हवं. २००५ साली प्लेस्टेशन ३ ची ताकद दाखवायला त्यांनी मिडगारची सुरुवात नव्या रूपात दाखवली, ती आगगाडी, तो क्लाउड. आम्हाला वाटलं आलाच रिमेक. घोषणा व्हायला २०१५ उजाडलं आणि गेम हातात आला १० एप्रिल २०२० ला. जगभर लोक घरात कोंडलेले. मी आगगाडीतून क्लाउडला उडी मारताना बघितलं आणि माझे हात थरथरत होते. बाकी चर्चा वाचतोय.

प्रतिसाद ८

रीबर्थमध्ये कामं फार झाली आहेत, मनोरे चालू करा, दगड शोधा, दर दहा पावलांना कामं देणाऱ्या चॅडलीचा फोन. एवढंच म्हणायचं होतं. पत्त्यांचा डाव मात्र सोडवत नाही.

प्रतिसाद २

धागाकर्ती, एक सुचवू का? सेटिंगमध्ये संगीत, परिणाम आणि बोलणं यांचे आवाज वेगवेगळे आहेत. बोलण्याचा शून्यावर न्या, खालची अक्षरं चालू ठेवा. आणि दादांना बोलवा.

धागाकर्ती

प्रतिसाद २, तुमचं वाचून मी दोन दिवस काही उत्तर दिलं नाही, कारण मला ते खरंच करून बघायचं होतं.

प्रतिसाद ४, "टाकून देऊ नका" याबद्दल आभार. मी दादाला पावसाबद्दल विचारलं. तो म्हणाला, "त्या रात्री बाहेर पडत होता की. खिडकी उघडी राहिली होती, तूच उठून लावलीस." मला खिडकी अजिबात आठवत नाही.

प्रतिसाद ६, रीबर्थच्या शेवटाबद्दल तुमच्याशी सहमत आहे. लेखात मी ते टाळलं होतं, कारण रडले हे खरं होतं आणि गोंधळले हेही खरं होतं.

प्रतिसाद ३

दादा आले का मग?

धागाकर्ती

आला. शनिवारी.

मी माझ्या सेव्हवरून कॉस्मो कॅन्यनचं प्रकरण लावलं, कारण लहानपणी त्याला सगळ्यात आवडलेली जागा तीच. कंट्रोलर त्याच्या हातात दिला. बोलण्याचा आवाज शून्यावर.

आधी जमेना. जुन्या गेममध्ये चौकट आमच्यासाठी थांबायची. इथे अक्षरं थांबत नाहीत, बोलणाऱ्याच्या वेगानं येतात आणि जातात. मी अर्ध्या वाक्यात असताना पुढचं आलेलं असायचं. दोघंतिघं एकदम बोलायला लागले की कुणाचा आवाज काढायचा तेच कळेना. आणखी एक घोटाळा, या गावात पोचल्यावर रेड थर्टीन खर्जातलं सोडून पोरासारखं बोलायला लागतो. त्याचं वय ४८, पण त्याच्या जातीत ते पंधरा-सोळाच. जुन्यातही घरी आल्यावर त्याची भाषा बदलते, पण मी ती लहानपणी सरसकट खर्जातच वाचली होती, मला कळलंच नव्हतं. दादा म्हणाला, "मला वाटायचं तू मुद्दाम करतेस."

मग गुहेनंतरचा तो कडा. आपला बाप भित्रा होता, सगळ्यांना सोडून पळाला, असं रेड थर्टीन जन्मभर मानत आलेला. आणि वर कड्यावर तो बाप उभा, दगड झालेला, अंगात बाण रुतलेले. एकटा लढला होता. तिथे बोलणं कमी आहे, मध्ये मध्ये बराच वेळ शांतता आहे. तिथे मला अक्षरं गाठता आली. त्याच्या आजोबांचं, बुगेनहागेनचं, म्हाताऱ्या आवाजात वाचलं, नानाकीचं (रेड थर्टीनचं खरं नाव) या वेळी पोराच्या आवाजात. दगडाच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा वाचायला काही नव्हतं, आणि आम्ही दोघं गप्प होतो.

प्रकरण संपल्यावर दादानं सेव्ह केलं. माझ्या सेव्हवर नाही, खालच्या रिकाम्या जागेत, वेगळं. मग विचारलं, "पुढच्या शनिवारी कुठून?"